सामाईक पाटाचे पाणी आणि संगणकाची चिप

(ग्रामपंचायत पदाधिकारी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या एका प्रशिक्षण वर्गात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुक्त प्रोसेसर’ असा विषय छापलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर आहे. मराठी वाङ्मय आणि इतिहास हे माझे अभ्यासाचे विषय. चिप, प्रोसेसर या गोष्टींशी माझा संबंध कार्यालयातील संगणक चालू करण्यापुरताच होता. परंतु तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका गावी जो प्रसंग पाहिला, त्याने मला या विषयाकडे वळविले. तो प्रसंग सांगूनच मी आरंभ करतो.

नळपाणी योजनेच्या कामाची माहिती घेण्यासाठी मी त्या गावी गेलो होतो. गावाचा पंप बंद होता. विहिरीला पाणी होते, मोटार धड होती, वीजही होती. बिघडली होती ती पंप आपोआप चालू-बंद करणारी भिंतीवरची लहानशी पेटी. तालुक्याच्या गावाहून आलेल्या कारागिराने पेटी उघडली, भिंगातून आत पाहिले आणि मान हलविली. “साहेब, मधल्या चिपवरचं नावच घासून टाकलंय. ती कोणती आहे तेच कळत नाही, तर मी दुरुस्ती कशाची करू?” पेटी पुरविणाऱ्याने आपला व्यवसाय केव्हाच गुंडाळला होता. दप्तरात एक देयक आणि मुदत संपलेले एक हमीपत्र, एवढीच कागदपत्रे होती. अखेर पेटीच बदलण्याचे ठरले. नवी पेटी येईपर्यंत नऊ दिवस पाणीपुरवठा कर्मचारी पहाटे चार वाजता उठून हाताने मोटार लावीत असे. आठव्या दिवशी विहिरीतले पाणी खाली गेल्याचे त्याच्या ध्यानात आले नाही आणि मोटारही जळाली.

बोटाच्या नखाएवढी ती चिप. गावाने तिचे पैसे मोजले होते. ती गावाच्या भिंतीवर होती. तरीही ती काय आहे, हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग गावाकडे नव्हता. ही अगतिकता अटळ आहे काय, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

भाषा, आराखडा आणि वस्तू

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा आज्ञाधारक कामकरी. त्याला येणारी कामे अगदी साधी असतात: दोन संख्यांची बेरीज करणे, लहान-मोठी कोणती ते पाहणे, एखादी संख्या ठरल्या जागी ठेवणे, अमुक घडले असेल तर तमुक आज्ञेकडे जाणे. टाकीतील पाण्याची पातळी वाचावयाची, ठरलेल्या आकड्याशी ती ताडून पाहावयाची आणि कमी असेल तर मोटारीची कळ दाबावयाची, एवढेच काम आपली पंपाची पेटी करीत असते. मात्र असली लक्षावधी कामे तो क्षणार्धात आणि न थकता करतो, हे त्याचे सामर्थ्य.

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी. तिला आपण आज्ञासंच म्हणू. ही त्याची भाषा होय. दुसरी, त्या आज्ञा पाळणाऱ्या यंत्राचा अंतर्गत आराखडा. कोणत्या तारा कोठे जुळतात, बेरीज कोठे होते, याचा नकाशा. तिसरी, त्या नकाशाबरहुकूम कारखान्यात सिलिकॉनच्या चकतीवर घडविलेली प्रत्यक्ष चिप.

पैकी भाषेलाच मालक असतो, हे ऐकून मला विशेष आश्चर्य वाटले. आपल्या मेजावरील बहुसंख्य संगणक ज्या भाषेत काम करतात, त्या भाषेचे प्रोसेसर व्यवहारतः अमेरिकेतील इंटेल व एएमडी या दोनच कंपन्या बनवू शकतात. आपल्या खिशातील मोबाईल ज्या भाषेवर चालतो, ती आर्म या कंपनीची. त्या भाषेचा प्रोसेसर बनवावयाचा तर कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो व मोबदला द्यावा लागतो. एखाद्या महाविद्यालयाने स्वतःचा नकाशा काढला, तरी तो परवान्याविना इतरांना वाटता येत नाही.

तीन महिन्यांचे काम

या बंधनाची अडचण विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्यांनाच प्रथम जाणवली. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली प्राध्यापक क्रस्ते असानोविच आणि त्यांचे विद्यार्थी युनसुप ली व अँड्र्यू वॉटरमन यांना संशोधनासाठी एक आज्ञासंच हवा होता. प्रचलित भाषा एक तर अतिशय गुंतागुंतीच्या, नाही तर परवान्यांनी जखडलेल्या. तेव्हा आपणच एक साधी भाषा तयार करावी, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत हे काम उरकेल, असा त्यांचा अंदाज होता. प्राध्यापक डेव्हिड पॅटरसन यांचेही त्यांना साहाय्य झाले. त्या विद्यापीठातील अशा प्रकारची ही पाचवी पिढी, म्हणून तिचे नाव ‘रिस्क-फाईव्ह’ असे ठेवण्यात आले.

काम तीन महिन्यांत संपले नाही, ते वाढतच गेले. पहिली नियमपुस्तिका २०११ साली प्रसिद्ध झाली. आज्ञासंच सर्वांना मुक्त असले पाहिजेत, असे प्रतिपादन असानोविच व पॅटरसन यांनी २०१४ साली जाहीरपणे केले. पुढच्याच वर्षी या भाषेचा सांभाळ करण्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले. कोणत्याही एका देशाच्या राजकारणाची झळ लागू नये, या विचाराने २०२० साली या संस्थेची नोंदणी स्वित्झर्लंडमध्ये करण्यात आली.

हा पहिलाच प्रयत्न होता असे मात्र नव्हे. यापूर्वी ‘ओपनकोअर्स’ या मंडळींनी २००० सालाच्या सुमारास ‘ओपनरिस्क’ नावाचा प्रोसेसर सहकाराने विकसित केला होता. युरोपीय अंतराळ संस्थेच्या आश्रयाने आखलेला ‘लिऑन’ हा प्रोसेसरही मुक्त परवान्याने उपलब्ध झाला होता. त्या अनुभवाच्या पायावरच पुढील इमारत उभी राहिली.

फड पद्धतीचा दाखला

अशा समाईक कामाची व्यवस्था कशी चालते, हे समजून घेताना मला धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठची फड पद्धती आठवली. आपणांपैकी खानदेशातील सदस्यांना ती सांगावयास नको. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. बंधारा व पाट सर्वांचा, शेत ज्याचे त्याचे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, पाणी पाटकऱ्याने नियमानुसार फिरवावयाचे आणि पाटाची डागडुजी सर्वांनी करावयाची. शतकानुशतके ही व्यवस्था लोकांनी स्वतः चालविली.

रिस्क-फाईव्हची मांडणी याच धर्तीवर आहे. तिचा मूळ आज्ञासंच केवळ चाळीसेक आज्ञांचा आहे. हा झाला बंधारा आणि पाट. गुणाकार, दशांश गणित इत्यादींसाठी आज्ञांचे पुरवणी गट आहेत. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. त्यावर उभारलेला स्वतःचा आराखडा म्हणजे ज्याचे त्याचे शेत. तो कोणी सर्वांना खुला करतो, कोणी राखून ठेवतो. नव्या आज्ञांचा प्रस्ताव आला की त्या विषयाचा गट चर्चा करतो. मसुदा ठरावीक मुदतीसाठी सर्वांच्या परीक्षणार्थ खुला ठेवतात, हरकती विचारात घेतात आणि मगच मान्यता देतात. एकदा मान्य झालेला आज्ञासंच पुढे बदलावयाचा नाही, असा दंडक आहे. कारण आज लिहिलेला कार्यक्रम वीस वर्षांनीही चालला पाहिजे. ग्रामसभेच्या ठरावाची आणि हरकती मागविण्याची सवय असलेल्या आपणांस ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

एक आराखडा हातोहाती कसा वाढतो, याचे उदाहरण पाहा. स्वित्झर्लंडमधील झुरिचचे तंत्रविद्यापीठ आणि इटलीतील बोलोन्या विद्यापीठ यांनी मिळून एक लहानसा प्रोसेसर आखला व तो मुक्त परवान्याने जाहीर केला. २०१८ च्या अखेरीस तो इंग्लंडमधील केंब्रिजच्या ‘लोरिस्क’ या ना-नफा संस्थेकडे सांभाळण्यासाठी सोपविण्यात आला. तेथे त्याचे नाव ‘आयबेक्स’ झाले, त्याच्या कसून चाचण्या झाल्या, दोष दूर झाले. पुढे २०१९ साली जाहीर झालेल्या ‘ओपनटायटन’ या सुरक्षा-चिपच्या मुक्त प्रकल्पात गूगलसारख्या कंपनीने त्याच आयबेक्सचा स्वीकार केला. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आखलेला पाट पुढच्यांनी बांधून काढला आणि त्यावर मोठे शेत पिकले. सॉफ्टवेअरच्या बाजूनेही असेच घडले. स्वयंसेवकांच्या सहकार्याने वाढलेल्या लिनक्स प्रणालीत २०१८ च्या आरंभी रिस्क-फाईव्हचा अधिकृत समावेश झाला.

फड पद्धतीत आणि यात एक महत्त्वाचा फरक आहे. पाणी एकाने घेतले की दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होते. आराखडा कितीही जणांनी वापरला तरी कमी होत नाही. त्यामुळे येथे पाणी आटण्याचे भय नाही. भय आहे ते पाट गाळाने भरण्याचे. तपासणारे, चुका काढणारे आणि माहिती लिहून ठेवणारे हात कमी पडले, तर मुक्त आराखडाही निरुपयोगी होतो.

एका गणित शिक्षकाची तक्रार

तपासणीचे मोल किती आहे, हे सांगण्यासाठी १९९४ सालची एक हकिकत सांगतो. अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर संशोधन करीत होते. त्यांच्या संगणकाचा एक भागाकार चुकत होता. आपल्या कामातच दोष असेल असे समजून त्यांनी महिनोन् महिने सर्व काही तपासले. अखेरीस दोष इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असल्याचे सिद्ध झाले. भागाकारासाठी आत कोरलेल्या एका कोष्टकातील पाच नोंदी गळाल्या होत्या. कंपनीला तो दोष आधीच कळलेला होता, परंतु तो जाहीर झाला नव्हता. पुढे चिप बदलून देण्यापोटी कंपनीला सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख डॉलरची तरतूद करावी लागली.

आराखडा मुक्त असता तर चूक झालीच नसती, असे मी म्हणणार नाही. मुक्त आराखड्यांतही चुका असतात आणि त्या सापडतातही. परंतु नाइसली यांच्यासारख्या जिज्ञासू शिक्षकाला तेव्हा बाहेरून भागाकार करून पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. नकाशा समोर असता, तर चुकीच्या जागेवर बोट ठेवणारे आणखी पुष्कळ जण पुढे आले असते.

आपल्या देशातील वाटचाल

महाराष्ट्राला या विषयाशी एक जुने नाते आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्या कर्तृत्वाचा आपणांस सार्थ अभिमान आहे. मात्र त्याची मांडणी आपली असली, तरी आतील ट्रान्सप्यूटर ही चिप इनमॉस या ब्रिटिश कंपनीची होती. ट्रान्सप्यूटरची परंपरा पुढे खुंटली आणि नंतरच्या ‘परम’ यंत्रांना दुसऱ्या परदेशी प्रोसेसरांचा आधार घ्यावा लागला. म्हणजे पंपाच्या पेटीपासून महासंगणकापर्यंत प्रश्न एकच होता.

मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक व्ही. कामकोटी यांच्या मार्गदर्शनाखाली रिस्क-फाईव्हच्या भाषेवर ‘शक्ती’ प्रोसेसरांचे काम सुरू झाले. त्यांचे आराखडे मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध आहेत. शक्तीच्या पहिल्या चिप २०१८ साली तयार झाल्या. त्यांपैकी एक अमेरिकेत घडविली गेली, तर दुसरी आपल्याच चंदीगड येथील सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच संस्थेने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘आयरिस’ ही अंतराळ कामासाठीची चिप जाहीर केली. तिची आखणी, घडण, वेष्टन आणि जोडणी ही सर्व कामे भारतात झाली. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा प्रोसेसर विकसित केला. त्याची भाषा ‘स्पार्क’ या दुसऱ्या खुल्या मानकाची आहे. सी-डॅकनेही रिस्क-फाईव्हवर आधारलेली ‘वेगा’ ही मालिका तयार केली. केंद्र शासनाने २०२० साली ‘स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंज’ ही स्पर्धा घेऊन शक्ती व वेगा हे प्रोसेसर विद्यार्थ्यांच्या आणि नवउद्योजकांच्या हाती दिले आणि २०२२ साली ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाईव्ह’ हा कार्यक्रम घोषित केला.

मर्यादांचे भान

या यशाबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाही तर आपली दिशाभूल होईल.

पहिली गोष्ट, भाषा मुक्त आहे म्हणून चिपचा आराखडा मुक्त असतोच असे नाही. मराठी सर्वांची असली, तरी मराठीत लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाचा हक्क सर्वांचा नसतो. रिस्क-फाईव्हवर चालणाऱ्या कित्येक चिपचे आराखडे त्यांच्या कंपन्यांनी बंदिस्तच ठेवले आहेत. जाहिरातीतील ‘मुक्त’ हा शब्द वाचून आपण काय मुक्त आहे ते विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट, नकाशा फुकट मिळाला तरी इमारत फुकट उभी राहत नाही. चिप घडविण्याचा कारखाना अत्यंत खर्चिक असतो. चंदीगडची प्रयोगशाळा १८० नॅनोमीटरच्या तंत्राने काम करते. जगातील अग्रगण्य कारखाने त्यापुढे बरेच सूक्ष्म तंत्र वापरतात. अर्थात पंप चालविण्यास अतिसूक्ष्म चिपची आवश्यकता नाही, आणि आयरिसच्या उदाहरणावरून दिसते की अंतराळातील कामासाठीही १८० नॅनोमीटर पुरेसे ठरते. परंतु मोबाईल वा मोठा संगणक यांसाठी ते पुरणार नाही.

तिसरी गोष्ट, सामाईक व्यवस्थेचा एक दुवा निखळला तर सर्वांना झळ पोहोचते. २०२० साली अमेरिकेतील स्कायवॉटर कारखाना आणि गूगल यांनी चिप घडविण्याची तांत्रिक माहिती खुली केली. ‘इफेबलेस’ नावाची कंपनी विद्यार्थ्यांचे व हौशी मंडळींचे आराखडे एकत्र करून कारखान्यात पाठवू लागली. २०२५ साली ती कंपनी बंद पडली आणि अनेकांच्या चिप वाटेतच अडकल्या. तथापि ‘टायनी टेपआऊट’ या शैक्षणिक उपक्रमाने जर्मनीतील आय.एच.पी. या संशोधन संस्थेचा आश्रय घेऊन काम पुढे चालू ठेवले. ज्ञान खुले होते आणि साधनेही खुली होती, म्हणूनच दुसरे दार ठोठावता आले.

आपण काय करू शकतो?

आता आपल्या कामाकडे वळतो. आपणांपैकी कोणी चिप आखणार नाही. परंतु चिप असलेल्या वस्तू आपण सर्व जण खरेदी करतो: पंपाच्या पेट्या, पथदिव्यांची नियंत्रक यंत्रे, हजेरीची यंत्रे, शाळेतील फलक. खरेदीच्या वेळी पुरवठादाराकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात: आतील चिपचे नाव व क्रमांक, विद्युत जोडणीचा नकाशा, आतील कार्यक्रमाची प्रत, आणि अन्य कारागिराकडून दुरुस्ती करून घेण्यास संमती. प्रत्येक वेळी चारही मिळतीलच असे नाही. परंतु मागितल्याशिवाय एकही मिळणार नाही. जे मिळेल ते दप्तरात नोंदवून ठेवावे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती निराळी आहे. प्रोसेसर ही परदेशातील प्रयोगशाळेत घडणारी जादू आहे, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात रुजू देऊ नका. दोन कळा आणि एक दिवा घेऊन ‘आणि’ व ‘किंवा’ यांचे तर्क वर्गात दाखविता येतात. त्यांना ‘नाही’ या तर्काची जोड दिली की बेरीज करणारे मंडळ बनते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तर, जिची अंतर्गत जोडणी पुनःपुन्हा बदलता येते अशा एफपीजीए या चिपवर, शक्तीसारखा मुक्त आराखडा चालवून पाहता येतो, बदलता येतो, त्यातील चूक शोधून कळविता येते. रिस्क-फाईव्हच्या संस्थेचे वैयक्तिक सदस्यत्व विनाशुल्क मिळते. आपल्या तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने शोधलेली चूक सर्व जगाच्या उपयोगी पडू शकते. पाटातील गाळ काढण्याचे हेच काम होय आणि त्यासाठी मोठ्या कारखान्याची गरज नाही.

अखेरीस पुन्हा त्या गावाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो होतो. नव्या पेटीतील प्रोसेसर मुक्त आराखड्याचा आहे काय, असे आपण विचाराल. तो नाही. परंतु या वेळी खरेदीपूर्वी ग्रामसेवकांनी पुरवठादाराकडून चिपचे नाव व जोडणीचा नकाशा लिहून घेतला होता. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटविलेला आहे. त्याखाली पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने स्वतःच्या अक्षरात दुरुस्तीच्या दोन तारखा लिहिल्या आहेत. दोन्ही वेळा तालुक्याच्या कारागिराने त्याच दिवशी पंप चालू करून दिला.